इस्रायल-पॅलेस्टाईन : साध्या माणसांचे शांतता प्रयत्न चालतात कसे आणि अडतात कुठे?

टिपणवही

आमच्या अभ्यासगटात पुढच्या महिन्यात या विषयावर दोन तासांचं सत्र आहे. युद्धं, करार, नेते यांच्याबद्दल मराठीत वाचायला भरपूर मिळतं. दोन्हीकडची साधी माणसं एकत्र येऊन जे करतात त्याबद्दल मात्र एकतर गहिवरून लिहिलेलं सापडतं, नाहीतर ‘सगळा देखावा’ म्हणून झटकून टाकलेलं. दोन्हींचा मला उपयोग नाही.

मला हवंय ते असं. हे लोक भेटतात कुठे आणि कोणाच्या परवानगीनं? भेटून नेमकं काय करतात? त्यामुळे जमिनीवर काही बदललं याचं एखादं ठोस उदाहरण आहे का? एके काळी तेल अवीवच्या चौकात लाखांनी जमणाऱ्या शांततावाद्यांची संसदेतली ताकद आज इतकी नगण्य का? आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर यातलं काय टिकलं?

चूक कोणाची, यावर वाद घालायला दुसरे धागे आहेत. इथे तो नको, ही विनंती.

नकाशावाला

पहिल्या प्रश्नाला लोक ‘व्यवस्थेचा तपशील’ समजून बगल देतात. खरं तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातल्या १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारानं वेस्ट बँकचे (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातला प्रदेश) तीन भाग पडले. ‘अ’ भाग साधारण १८ टक्के : रामल्ला, नाब्लुस, जेनिन वगैरे शहरं, कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे (म्हणजे मर्यादित अधिकारांच्या पॅलेस्टिनी सरकारचे). ‘ब’ साधारण २२ टक्के : कारभार प्राधिकरणाचा, सुरक्षा इस्रायलच्या हातात. उरलेला सुमारे ६० टक्के ‘क’ भाग पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यात, आणि हेब्रॉन शहरातल्या सोडल्या तर वेस्ट बँकमधल्या सगळ्या वसाहती (१९६७ नंतर वसवलेल्या इस्रायली वस्त्या) त्यातच. इस्रायली नागरिकानं ‘अ’ भागात जाणं लष्करी आदेशानुसार गुन्हा आहे, रस्त्याच्या तोंडाशी तशा लाल पाट्या असतात. उलट वेस्ट बँकच्या पॅलेस्टिनी माणसाला इस्रायलमध्ये किंवा पूर्व जेरुसलेममध्ये पाऊल टाकायचं तर परवाना लागतो. म्हणजे विनापरवाना दोघांनाही पोचता येईल अशी जागा उरते ती मुख्यतः ‘क’ भागातली, तीही मुख्य रस्त्यालगतची. बेथलेहेमजवळच्या बेत जाला गावाच्या कडेचं एक हॉटेल आणि तिथली तालिथा कुमी शाळा यांची नावं या संस्थांच्या कार्यक्रमपत्रिकांत सतत दिसतात ती याच कारणानं.

आता परवाना. संस्था नावं, ओळखपत्र क्रमांक, तारीख, ठिकाण आणि कारण लिहून यादी लष्कराच्या जिल्हा समन्वय कार्यालयात देते. तिथून ती सुरक्षा यंत्रणेच्या चाळणीतून जाते. उत्तर कधी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येतं, कधी येतच नाही. बस, सभागृह, दुभाषे यांचे पैसे तोवर भरून झालेले असतात. शिवाय ज्यू सणांच्या काळात वेस्ट बँकची नाकेबंदी होते आणि हातात असलेले परवानेही त्या दिवसांपुरते रद्द धरले जातात.

मुख्य मेख पुढेच आहे. ज्याच्या घरातलं माणूस इस्रायली सैन्याच्या हातून मेलं किंवा जो स्वतः तुरुंगात राहून आला, त्याच्यावर ‘सूड घेण्याची शक्यता’ म्हणून सुरक्षाबंदी बसते. आणि या क्षेत्रातल्या दोन सर्वांत जाणत्या संस्था नेमक्या अशाच माणसांच्या आहेत. ‘पेरेंट्स सर्कल’ ही मुलं-भावंडं गमावलेल्या दोन्हीकडच्या कुटुंबांची. यित्झाक फ्रँकेन्थाल यांचा मुलगा आरिक याला १९९४ मध्ये हमासनं पळवून मारलं, त्यानंतर १९९५ साली त्यांनी ती सुरू केली. आज सहाशेहून अधिक कुटुंबं आहेत. ‘कॉम्बॅटंट्स फॉर पीस’ ही २००६ ची, माजी इस्रायली सैनिक आणि माजी पॅलेस्टिनी लढवय्ये यांची. म्हणजे संस्थेत यायची पात्रता तीच परवाना नाकारण्याचं कारण.

दोघी मिळून इस्रायलच्या स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडच्या मृतांसाठी संयुक्त शोकसभा घेतात, २००६ पासून. २०१८ मध्ये संरक्षणमंत्री लिबरमन यांनी, २०१९ मध्ये ते खातं सांभाळणाऱ्या नेतान्याहूंनी आणि २०२३ मध्ये गॅलंट यांनी पॅलेस्टिनींना प्रवेश नाकारला. तिन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयानं निर्णय फिरवला. त्यामुळे आयोजकांच्या वेळापत्रकात ‘वकील आणि याचिका’ हा कायमचा रकाना झाला. २०२४ मध्ये परवाने मिळण्याची आशाच नव्हती, तेव्हा कार्यक्रम आधी चित्रित करून दाखवला. २०२५ मध्ये रानाना इथल्या एका सिनेगॉगमध्ये त्याचं प्रक्षेपण चालू असताना उजव्या जमावानं हल्ला केला.

ओसरी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल : भेटून काय करतात.

हिब्रू विद्यापीठाच्या इफात माओझ यांनी या भेटींचे चार नमुने मांडलेत, सत्रासाठी ते सोयीचे पडतील. पहिला सहजीवनाचा : जेवण, संगीत, फुटबॉल, राजकारण वर्ज्य. दुसरा एकत्र कामाचा. तिसरा सरळ सामन्याचा, म्हणजे सत्ता कोणाकडे आहे हे टेबलावर ठेवून भांडायचं. चौथा आपापली कहाणी सांगण्याचा.

पहिला सर्वांत स्वस्त आणि देणगीदारांना सर्वांत आवडणारा. टिकतही सर्वांत कमी. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की गटांचा संपर्क उपयोगी पडायचा तर समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरच्या सत्तेचा पाठिंबा लागतो. इथे समान दर्जा दाराबाहेरच संपतो : एक जण घरी सरळ जातो, दुसरा लष्करी तपासणी नाक्यावर रांगेत उभा राहतो. वरच्या पाठिंब्याबद्दल तर बोलायलाच नको.

तिसऱ्या नमुन्याचं सर्वांत जुनं काम नेवे शालोम उर्फ वाहत अल-सलाम या गावातलं. लात्रूनजवळ, जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मध्ये. ज्यू आणि अरब इस्रायली कुटुंबं ठरवून एकत्र राहतात. तिथलं ‘स्कूल फॉर पीस’ १९७९ पासून चालतं. पद्धत अशी : प्रत्येक गटाला दोन चालक, एक ज्यू, एक अरब. मिश्र बैठका चालू असताना मध्ये मध्ये दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या बैठका घ्यायच्या. हे वेगळं बसणं नवख्या आयोजकांना खटकतं, ‘तोडायला कशाला बसवायचं?’ म्हणून ते गाळतात. मग मिश्र बैठकीत माणसं आपल्याच लोकांसमोर कमकुवत दिसू नये म्हणून ठोकळेबाज बोलतात.

बिघडतं कुठे? भाषेपासून सुरुवात होते. दोन्ही भाषा समान असं फलकावर लिहिलेलं असतं, पण अरब सहभागींना हिब्रू येतं आणि ज्यूंना अरबी येत नाही, त्यामुळे अर्ध्या तासात सगळं हिब्रूत चालू होतं. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो : दुभाषा कायम ठेवायचा आणि सगळ्यांना हिब्रू कळत असलं तरी भाषांतरासाठी थांबायचंच. पुढचा बिघाड म्हणजे दुःखांची तुलना, ‘तुमचं दोन हजार साली, आमचं अठ्ठेचाळीस साली’. चालक कच्चा असेल तर दिवस त्यातच जातो. आणि अपेक्षाही सारख्या नसतात. ज्यू सहभागी बहुतेकदा समजून घ्यायला आणि समजून घेतलं जायला येतात, पॅलेस्टिनी काहीतरी बदलावं म्हणून येतात. तीन महिन्यांनी पहिल्यांना बरं वाटतं, दुसऱ्यांना वापरल्यासारखं.

तरुणांच्या शिबिरांना आणखी एक भिंत आहे. ‘सीड्स ऑफ पीस’ १९९३ पासून अमेरिकेतल्या मेन राज्यात मुलांना नेतं. तिथे मैत्री होते यात शंका नाही. पण अठराव्या वर्षी ज्यू मुलांना सक्तीची लष्करी सेवा लागते आणि मित्र नाक्यावर गणवेशात उभा असण्याची शक्यता तयार होते. परतल्यावरचा पाठपुरावा हा खर्चाचा मुख्य भाग हवा. बहुतेक अंदाजपत्रकांत पैसे विमानाच्या तिकिटांवर संपतात.

पेरेंट्स सर्कलचा वर्गातला कार्यक्रम चौथ्या नमुन्याचा. एक इस्रायली, एक पॅलेस्टिनी, दोघंही घरातलं माणूस गमावलेले. प्रत्येकानं आपली हकीकत सांगायची, मग प्रश्न. मुलं सोळा-सतरा वर्षांची निवडतात, म्हणजे सैन्यात जाण्याच्या थोडं आधी. रामी एल्हानान यांची मुलगी स्मादार १९९७ च्या बेन येहुदा रस्त्यावरच्या आत्मघाती स्फोटात गेली, बस्साम अरामीन यांची दहा वर्षांची अबीर २००७ मध्ये सीमा पोलिसांच्या रबरी गोळीनं. हे दोघं एकाच वर्गात शेजारी उभे राहतात. २०२३ मध्ये इस्रायलच्या शिक्षण खात्यानं या कार्यक्रमाला मान्यताप्राप्त यादीतून काढलं. त्यापूर्वीही मुख्याध्यापक पालकांच्या तक्रारींना घाबरत असत, पण आता त्यांच्या हातात लेखी सबब आली.

खुरपं

ठोस उदाहरण मागितलंय म्हणून तीन देतो. तिन्ही ‘संवादा’ची नाहीत, जमिनीची आहेत, आणि माझ्या मते हा योगायोग नाही.

बिलईन. रामल्लाच्या पश्चिमेचं गाव. विभाजन कुंपणाच्या (इस्रायलनं वेस्ट बँकच्या कडेनं आणि काही ठिकाणी आतून बांधलेल्या) मार्गात गावाची अर्ध्याहून जास्त शेती पलीकडे जात होती. २००५ पासून दर शुक्रवारी मोर्चा. निर्णय गावच्या लोकसमितीचा. इस्रायली कार्यकर्ते पाहुणे म्हणून येणार, घोषणा आणि मार्ग ते ठरवणार नाहीत, हा नियम. सोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानं म्हटलं की हा मार्ग सुरक्षेपेक्षा मोदीईन इलित वसाहतीच्या भावी विस्तारासाठी आखलेला आहे, बदला. प्रत्यक्ष कुंपण हललं २०११ मध्ये. चार वर्षं निकाल कागदावर होता आणि मोर्चे चालूच होते. एप्रिल २००९ मध्ये बस्सेम अबू रहमे अश्रुधुराच्या नळकांड्यानं मारला गेला. गावाला काही जमीन परत मिळाली, सगळी नाही. त्याआधी बुद्रुस या दुसऱ्या गावात २००३-०४ साली कुंपण बांधून व्हायच्या आत लोक आडवे झाले, म्हणून तिथे जवळजवळ सगळी जमीन वाचली. फरक लक्षात घ्या : बांधकामाआधी अडवलं तर फक्त मार्ग बदलावा लागतो, नंतर अडवलं तर उखडावं लागतं.

बत्तीर. बेथलेहेमजवळ, रोमन काळापासूनचे दगडी बांध आणि झऱ्याचं पाटपाणी; पाण्याच्या पाळ्या आठ घराण्यांत वाटलेल्या. इथे ‘इकोपीस’ या इस्रायली-पॅलेस्टिनी-जॉर्डनी पर्यावरण संस्थेनं गावासोबत याचिका लढवली. न्यायालयात मुद्दा हक्कांचा कमी आणि बांध-पाटांचा जास्त होता. त्यामुळे इस्रायलचं निसर्ग व उद्यान प्राधिकरणच कुंपणाच्या विरोधात उभं राहिलं. शिवाय याफा-जेरुसलेम रेल्वे गावातून जाते आणि १९४९ पासून गावकऱ्यांनी ती सांभाळली, कुंपणाशिवाय. जून २०१४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, २०१५ च्या सुरुवातीला तो मार्ग बारगळला.

तिसरं, ऑलिव्हची तोडणी. हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर. वसाहतींजवळच्या शेतांत जायला लष्कराकडून तारखा घ्याव्या लागतात आणि त्या अनेकदा दोन-चार दिवसांच्याच असतात. एका कुटुंबाला जे काम दहा-बारा दिवस पुरतं ते दोन दिवसांत उरकायचं तर हात लागतात. स्वयंसेवक येतात ते मुळात या हिशेबानं. झाडाखाली ताडपत्री, हातानं किंवा छोट्या दाताळ्यानं फळं ओढायची, काठीनं झोडपायचं नाही कारण पुढच्या वर्षीची कोवळी फांदी मोडते. पोत्यांत भरलेलं फळ दोन-तीन दिवसांत घाण्यावर गेलं नाही तर तेलाची आम्लता चढते आणि भाव पडतो. म्हणून नाक्यावर अडवलेला ट्रॅक्टर हे सरळ आर्थिक नुकसान असतं.

दुसरं काम साक्षीदाराचं. २००६ मध्ये पाच गावांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की शेतकऱ्याला ‘त्याच्याच संरक्षणासाठी’ शेतातून हाकलणं चूक आहे. हल्लेखोराला आवरणं हे लष्कराचं काम. तरीही ऐन तोडणीत अधिकारी येऊन ‘हा बंद लष्करी विभाग’ म्हणतो. अशा वेळी पाहायचं ते एवढंच : लेखी आदेश आहे का, त्यावर सही, नकाशा आणि वेळ आहे का. असेल तर त्याचा फोटो काढून नकाशातल्या रेषेबाहेर व्हायचं आणि तिथून काम चालू ठेवायचं. वाद वाढवायचा नाही, कारण किंमत सारखी नाही. इस्रायली स्वयंसेवकाला नागरी कायदा लागतो, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर. शेजारच्या पॅलेस्टिनीला लष्करी कायदा. १९६७ च्या लष्करी आदेश १०१ प्रमाणे तर दहा माणसांचा राजकीय जमावही बिनपरवाना गुन्हा ठरू शकतो. नवखे इस्रायली हेच विसरतात आणि सैनिकाशी हुज्जत घालतात. ते रात्री घरी असतात, शेतकऱ्याचा मुलगा कोठडीत.

२०२३ च्या हंगामात वसाहतींजवळच्या बऱ्याच शेतांत जाऊच दिलं नाही. फळ झाडावर वाळलं.

रोखठोक

तीस वर्षं झाली, एवढ्या संस्था, एवढा पैसा. निष्पत्ती एक कुंपण थोडंसं सरकलं? माफ करा, पण हा परदेशी निधीवरचा धंदा आहे.

हिशेबनीस

पैशाबद्दल बोलायचंच तर आकड्यांवर बोलू.

उत्तर आयर्लंडसाठी ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय निधी उभा केला, अमेरिका आणि युरोपनं त्यात भर घातली. करार झाला १९९८ मध्ये. म्हणजे करारापूर्वी बारा वर्षं पैसा वस्त्यावस्त्यांत मुरत होता. इथे उलट : १९९३ मध्ये आधी करार (पहिला ऑस्लो), आणि लोकांमधल्या कामाला दुय्यम रक्कम. या धर्तीचा अमेरिकन कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला, पाच वर्षांत २५ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला ५ कोटी. हा निधीही अमेरिकेच्या ज्या मदत यंत्रणेतून यायचा तीच २०२५ मध्ये मोडीत निघाली आणि चालू प्रकल्प अधांतरी राहिले.

‘धंदा’ या शब्दात थोडं तथ्य आहे, पण वेगळ्या ठिकाणी. दोन-तीन वर्षांच्या अनुदानात मोजता येईल असंच काम मागितलं जातं : किती जण आले, किती सत्रं झाली. बिलईनसारखं सहा वर्षं चाललेलं प्रकरण या रकान्यांत बसत नाही. पॅलेस्टिनी भागीदाराला दहशतवादविरोधी कलमांवर सही द्यावी लागते, जी गावात निष्ठा विकल्यासारखी दिसते. इस्रायली संस्थांना २०१६ च्या कायद्यानं निम्म्याहून अधिक निधी परदेशी सरकारांकडून येत असल्यास तसं जाहीर करावं लागतं. परदेशी सरकारांच्या देणग्यांवर ८० टक्के कर लावणारं विधेयक २०२५ च्या फेब्रुवारीत प्राथमिक मतदानात मंजूर झालंय. वसाहतींना खासगी परदेशी देणगीदारांकडून येणारा पैसा यात येत नाही, हे रोखठोक यांनी जाता जाता नोंदवावं.

मतपेटी

संसदेचा प्रश्न राहिला होता.

‘पीस नाऊ’ १९७८ मध्ये सुरू झाली, ३४८ राखीव अधिकारी आणि सैनिकांनी पंतप्रधान बेगिन यांना लिहिलेल्या पत्रातून. ‘आम्ही लढलोय म्हणून आम्हाला बोलायचा हक्क’ हीच तिची पुंजी. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या सबरा-शातिला निर्वासित वस्त्यांत, इस्रायली सैन्यानं वेढा घातलेला असताना, लेबनॉनी सशस्त्र गटानं केलेल्या हत्याकांडानंतर तेल अवीवला झालेल्या सभेत आयोजकांच्या मते चार लाख लोक होते. तीन दिवसांत चौकशी आयोग नेमला गेला आणि १९८३ मध्ये एरियल शॅरॉन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. आयोगाचा अहवाल अंमलात आणा म्हणणाऱ्या मोर्चावर त्याच फेब्रुवारीत हातबॉम्ब पडला आणि एमिल ग्रुन्त्झ्वाइग हा कार्यकर्ता मारला गेला. रस्त्याचा दाब काम करत होता, कारण जबाबदार धरायला मंत्री आणि धरायला लावायला संसद, दोन्ही तिथेच होते.

त्याचं चांगलं उदाहरण ‘चार माता’ हे आंदोलन. फेब्रुवारी १९९७ मध्ये लेबनॉनकडे निघालेली दोन हेलिकॉप्टरं धडकून ७३ सैनिक गेले. आयांनी एकच मागणी लावून धरली, लेबनॉनमधून बाहेर पडा. एहुद बराक यांनी पंतप्रधानपदाच्या १९९९ च्या निवडणुकीत वचन दिलं, मे २००० मध्ये सैन्य बाहेर आलं. मागणी एक, ती पुरी करायला दुसऱ्या बाजूच्या सहीची गरज नाही, आणि बोलणारे सैनिकांचे आईबाप. वेस्ट बँकबाबत यातली पहिली दोन कलमं मिळत नाहीत.

शांतता वाटाघाटींच्या बाजूचे दोन डावे पक्ष घ्या : १९९२ मध्ये मजूर पक्षाला ४४ आणि मेरेत्झला १२ जागा होत्या, १२० पैकी. २०२२ मध्ये मजूर ४, मेरेत्झ शून्य. शून्याला अंशतः गणित जबाबदार आहे : संसदेत शिरायला किमान ३.२५ टक्के मतं लागतात आणि मेरेत्झ काही हजार मतांनी खाली राहिला, दोघांनी युती न केल्यामुळे. पण घसरण त्याआधीची. नोव्हेंबर १९९५ मध्ये शांतता सभेतच पंतप्रधान राबिन यांचा खून झाला. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आत्मघाती स्फोटांनी पन्नासहून जास्त माणसं मारली आणि मे महिन्यात नेतान्याहू तीस हजारांहून कमी मतांनी निवडून आले. मग २००० ते २००५ चा दुसरा पॅलेस्टिनी उठाव, सुमारे हजार इस्रायली आणि तीन हजारांवर पॅलेस्टिनी मृत. इस्रायली मतदाराला ‘पलीकडे बोलायला कोणी नाही’ हे तेव्हा पटलं ते पटलंच. पॅलेस्टिनी बाजूनं पाहा तर १९९३ मध्ये वेस्ट बँकमध्ये वसाहतवाले सुमारे १ लाख १० हजार होते, आज ५ लाखांच्या वर. वाटाघाटी चालू आणि बांधकामही चालू, यातून त्यांनाही तोच निष्कर्ष निघाला.

पॅलेस्टिनी बाजूला तर मतपेटीच नाही. त्यांच्या संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ ची, हमासला १३२ पैकी ७४ जागा. मे २०२१ ची जाहीर झालेली निवडणूक प्राधिकरणाचे अध्यक्ष अब्बास यांनी एप्रिलअखेर पुढे ढकलली, ती अजून ढकललेलीच आहे. अहिंसक चळवळ करणाऱ्या पॅलेस्टिनी तरुणानं आपली मागणी कोणाकडे न्यायची? आणि जुलै २०२४ मध्ये इस्रायली संसदेनं पॅलेस्टिनी राज्याच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ असा ठराव केला. विरोधातली बरीच मंडळी त्या वेळी सभागृहातच नव्हती, हे त्या ९ च्या आकड्याबद्दल सांगायला हवं.

जुना_वाचक

एक बाजू सुटली म्हणून लिहितो. पॅलेस्टिनी समाजात अशा उपक्रमांना विरोध आहे, आणि तो केवळ कडव्यांचा नाही. इस्रायलवर बहिष्कार टाका म्हणणाऱ्या पॅलेस्टिनी चळवळीची कसोटी अशी : इस्रायली सहभागींना पॅलेस्टिनींचे हक्क मान्य आहेत का, आणि एकत्र येणं ताब्याला विरोध करण्यासाठी आहे का? दोन्हींना होकार नसेल तर ते ‘सामान्यीकरण’, म्हणजे जे चाललंय ते चालण्यासारखं आहे असं भासवणं. जानेवारी २०२४ मध्ये ‘स्टँडिंग टुगेदर’ या २०१५ पासूनच्या ज्यू-अरब चळवळीवरही याच कारणानं बहिष्कार पुकारला. मला तो निवाडा अन्यायाचा वाटतो. त्याच संघटनेनं मे २०२४ मध्ये तार्कुमिया नाक्यावर माणसं उभी करून गाझाला जाणारे धान्याचे ट्रक जमावापासून वाचवले. तरी कसोटी आयोजकांनी आधीच स्वतःला लावून घ्यावी, कारण फोटो छापून आला की उत्तर द्यावं लागतं ते पॅलेस्टिनी सहभागीला, त्याच्या गल्लीत.

गाझात तर सरळ तुरुंग होता. एप्रिल २०२० मध्ये रामी अमान यांनी इस्रायलींशी झूमवर उघड गप्पांचा कार्यक्रम घेतला म्हणून हमासनं त्यांना पकडून महिनोन्महिने डांबलं.

७ ऑक्टोबरनंतर काय उरलं : ‘विमेन वेज पीस’च्या संस्थापकांपैकी व्हिव्हियन सिल्वर गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमध्ये (सामुदायिक वस्तीत) मारल्या गेल्या, तीनच दिवस आधी, ४ ऑक्टोबरला, या संघटनेचा आणि ‘विमेन ऑफ द सन’ या पॅलेस्टिनी बायकांच्या संघटनेचा संयुक्त मेळावा झाला होता. ‘रोड टू रिकव्हरी’चे काही चालकही त्या दिवशी मारले किंवा पळवले गेले, त्यांतले वयोवृद्ध ओदेद लिफशित्झ बंदिवासात वारले. ही संस्था पॅलेस्टिनी रुग्णांना नाक्यावरून इस्रायली इस्पितळात नेते. उपचाराचं बिल प्राधिकरण भरतं, पण नाक्यापासूनची टॅक्सी भरत नाही, आणि कॅन्सरच्या मुलाला आठवड्यातून दोनदा नेताना तीच कुटुंबाला बुडवते. आदल्या दिवशी समन्वयक यादी लावतो : कोणता नाका, कोणतं इस्पितळ, सोबत कोण, लहान मुलासाठी आसन लागेल का. रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा परवाना वेगवेगळा असतो. आईचा नाकारला गेला की आजी येते. गाझाकडचा एरेझ नाका बंद झाला, तिथल्या फेऱ्या थांबल्या. वेस्ट बँकच्या पुन्हा चालू झाल्या.

भारताशी धागा हवा असेल तर इंदिरा गांधी शांतता पुरस्कार, २०२३ सालचा : संगीतकार डॅनिएल बारेनबॉइम आणि बेत उम्मरचे अहिंसावादी कार्यकर्ते अली अबू अव्वाद यांना मिळून. अबू अव्वाद पहिल्या उठावात तुरुंगात होते, त्यांचा भाऊ २००० मध्ये सैनिकाच्या गोळीनं गेला.

टिपणवही

अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन तासांत एवढं मावणार नाही. दोनच प्रकरणं घ्यायची तर बत्तीर आणि संयुक्त शोकसभा घेईन म्हणतो. ‘अ-ब-क’ नकाशा सुरुवातीलाच दाखवेन. चालेल ना?

नकाशावाला

निवड चांगली आहे. एक बाजू मात्र उपाशी राहते, ती म्हणजे मतपेटी यांचा प्रतिसाद. शेवटची वीस मिनिटं त्याला ठेवा, नाहीतर चर्चा ‘माणसं किती चांगली’ इथेच अडकेल.

नकाशाबद्दल दोन सूचना. भिंतीवर प्रक्षेपित केला तर ‘अ’ आणि ‘ब’चे ठिपके एकमेकांत मिसळून सलग प्रदेश असल्यासारखे दिसतात; हातात छापील प्रत द्या, निदान ए-३ आकाराची, आणि नाके व रस्ते दाखवणारी निवडा. आणि हेब्रॉन या तीन रंगांत बसत नाही. त्याची विभागणी जानेवारी १९९७ च्या वेगळ्या करारानं झाली : साधारण ८० टक्के शहर प्राधिकरणाकडे, जुन्या बाजारपेठेसह उरलेलं २० टक्के इस्रायली लष्कराकडे. बऱ्याच नकाशांत ते नुसतं ‘अ’ म्हणून रंगवलेलं असतं, तेव्हा छापण्याआधी तेवढं तपासून घ्या.